धडधाकट माणसाने कुठली टेस्ट करायची, कुठली गोळी घ्यायची हे नक्की ठरवतं कोण?

शंकासूर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, इथे जाणकार आहेत म्हणून विचारतोय. माझे बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत, हार्टचा त्रास कधीच नाही, बीपीची एक गोळी चालू आहे तेवढीच. त्यांच्या बरोबरीचे बरेच जण अटॅक येऊ नये म्हणून रोज छोटी ॲस्पिरिन घेतात आणि ती त्यांना डॉक्टरांनीच सुरू करून दिलेली आहे. बाबांनी परवा आमच्या डॉक्टरांना विचारलं की मी पण सुरू करू का, तर ते म्हणाले नको, आता गाइडलाइन बदलली. तेव्हापासून बाबा चिडलेत, म्हणतात हे लोक आज एक सांगतात, उद्या दुसरंच, मग विश्वास ठेवायचा कुणावर. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रक्ताची पीएसए टेस्ट करतात, तिचंही तेच, एक डॉक्टर म्हणतो दरवर्षी करा, दुसरा म्हणतो गरज नाही.

तर माझा प्रश्न ॲस्पिरिन घ्यावी का हा नाहीये, ते डॉक्टर बघतील. मला समजून घ्यायचंय की या गाइडलाइन्स बनतात कशा. कोण बसतं, समोर काय कागद असतात, मतदान होतं का, औषध कंपन्या आत शिरतात का, आणि दर काही वर्षांनी सगळं बदलतं ते का? कुणी या कामात असेल तर जरा सविस्तर लिहा प्लीज, बाबांना वाचून दाखवणार आहे.

रोखठोक:
त्यात काय एवढं. टेस्ट विकणारे म्हणतात करा, पैसे भरणारे म्हणतात नको, ज्याचा जोर जास्त त्याची गाइडलाइन. आजार लवकर सापडला तर जीव वाचतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यासाठी कमिटी कशाला लागते?

निरंजना:
शंकासूर, मी सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचं, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून तपासायचं काम करते, कमिटी ज्या कागदांवर निर्णय घेते ते कागद तयार करणाऱ्या टीममध्ये. प्रतिसाद लांबेल, पण तुम्ही बाबांना वाचून दाखवणार म्हणताय तर नीट लिहिते.

आधी एक गोष्ट. आजारी माणूस स्वतःहून डॉक्टरकडे येतो, त्याला त्रास होत असतो, त्यामुळे थोडी रिस्क घेऊन उपचार केले तर ते समजण्यासारखं आहे. प्रिव्हेन्शनमध्ये आपण चांगल्या चालत्याबोलत्या माणसाला बोलावून सांगतो की ये, तुझी टेस्ट करू, ही गोळी घे. हजार जणांना गोळी दिली तर त्यातल्या बहुतेकांना तो आजार तसाही होणार नसतो, त्यांना फायदा शून्य, पण गोळीचा त्रास हजारातल्या कुणालाही होऊ शकतो. म्हणून इथे पुराव्याची अट जास्त कडक लागते. १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी स्क्रीनिंगची, म्हणजे लक्षणं नसलेल्यांची टेस्ट करण्याची, दहा तत्त्वं लिहिली, त्यात हे सगळं बीजरूपात आहे, की आजार महत्त्वाचा हवा, त्यावर मान्य असा उपचार हवा, टेस्ट लोकांना चालणारी हवी वगैरे. मग १९७६ मध्ये कॅनडाने टास्क फोर्स नेमला, त्यांनी १९७९ च्या रिपोर्टमध्ये प्रत्येक शिफारशीच्या मागे कुठल्या दर्जाचा पुरावा आहे ते ग्रेड लावून सांगितलं. आज हे साधं वाटतं, पण तोपर्यंत मोठे प्रोफेसर म्हणतात म्हणून करा असाच कारभार होता. अमेरिकेचा यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स १९८४ चा. मी पुढे त्यांचंच उदाहरण घेते कारण ते जवळजवळ सगळं उघड छापतात.

सोळा सदस्य असतात, साधारण चार वर्षांसाठी, या कामाचा पगार नाही. फॅमिली मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, नर्सिंग, वर्तनशास्त्र अशा क्षेत्रांतले लोक. विषय कुणीही सुचवू शकतं, तुम्ही आम्ही सुद्धा. विषय घेतला की लगेच पेपर शोधायला बसत नाहीत, आधी प्रश्न लिहितात, आणि माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेत हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. एक आकृती काढतात, डाव्या टोकाला लक्षणं नसलेली माणसं, उजव्या टोकाला मृत्यू कमी होणं किंवा जगणं सुधारणं, आणि मधल्या प्रत्येक बाणावर एक प्रश्न: टेस्ट आजार बरोबर पकडते का, पकडल्यावर लवकर उपचार केला तर उशिरा करण्यापेक्षा फरक पडतो का, टेस्टने काय नुकसान होतं, उपचाराने काय होतं. हे सगळं पुरावा बघायच्या आधी लिहून चार आठवडे लोकांच्या सूचनांसाठी ठेवतात. आधी का, तर निकाल बघून प्रश्न ठरवला तर पाहिजे ते उत्तर काढता येतं.

मग आमचं काम सुरू होतं. रिव्ह्यू करणारी टीम वेगळी आणि कमिटी वेगळी, हे लक्षात घ्या. डेटाबेसमधून हजारो पेपरांची यादी येते. प्रत्येक पेपर दोन जण स्वतंत्रपणे बघतात, एकाने काय मार्क केलंय ते दुसऱ्याला दिसत नाही, मग ताळा करतात, जिथे पटत नाही तिथे चर्चा होते, तरी नाही पटलं तर तिसरा माणूस. पूर्ण वाचून बाजूला काढलेल्या प्रत्येक पेपरचं कारण लिहावं लागतं आणि ती यादीही छापली जाते. उरलेल्यांची तपासणी म्हणजे खरा कस: माणसं चिठ्ठ्या टाकून गटात विभागली होती का, मध्येच सोडून गेलेल्यांचं काय झालं, निकाल मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते माहीत होतं का. फायद्याचे आकडे पेपरात टेबल भरभरून असतात आणि नुकसानाबद्दल एक ओळ, की गंभीर त्रास आढळले नाहीत. गंभीर म्हणजे काय, कुणी विचारलं, किती दिवसांनी विचारलं, पत्ता नाही. मग लेखकांना ईमेल करा, ट्रायलची नोंदणी शोधा, तिथे आधी काय मोजणार म्हणून लिहिलं होतं आणि पेपरात काय आलं ते ताडून बघा. याच कामात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा असं माझं ठाम मत आहे, कारण नुकसान मोजलं नाही तर फायदा आपोआप मोठा दिसतो.

शेवटी कमिटी दोन गोष्टी ठरवते, निव्वळ फायदा किती आणि त्याची खात्री किती, आणि हो, मतदान होतं. ए म्हणजे मोठा फायदा आणि पक्की खात्री, बी म्हणजे बऱ्यापैकी फायदा, सी म्हणजे फायदा थोडा, तेव्हा सरसकट नको, डॉक्टर आणि पेशंटने बोलून ठरवा, डी म्हणजे करू नका. आणि एक आय ग्रेड असतो, म्हणजे पुरावा अपुरा. आय म्हणजे नको असं नाही, हे मी दहा वेळा सांगेन, त्याचा अर्थ इतकाच की फायदा जास्त की नुकसान हे आजच्या माहितीवर कुणालाच सांगता येणार नाही. मसुदा परत चार आठवडे लोकांपुढे जातो, मग फायनल.

कंपन्यांबद्दल: प्रत्येक सदस्याला प्रत्येक विषयाआधी पैशाचे आणि इतर हितसंबंध जाहीर करावे लागतात, आड येत असतील तर त्या विषयातून बाजूला बसवतात. आणि पैसे भरणाऱ्या इन्शुरन्सवाल्यांचा मुद्दा रोखठोक, उलटा आहे: अमेरिकेत २०१० च्या कायद्याने ए आणि बी ग्रेडच्या सेवा पेशंटकडून वेगळे पैसे न घेता द्यायचं बंधन बहुतेक खासगी इन्शुरन्सवर आलं, आणि हा टास्क फोर्स ग्रेड देताना खर्च विचारातच घेत नाही.

रोखठोक:
ताई, माहिती चांगली दिलीत, मानलं. पण लवकर निदानाचं काय? कॅन्सर पहिल्या स्टेजला सापडला तर माणूस वाचतो, चौथ्याला सापडला तर जातो. यात ट्रायल कसली करायची? माझी मावशी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली, कळलं तेव्हा सगळीकडे पसरला होता. आधी टेस्ट झाली असती तर आज असती असं आम्हा सगळ्यांना वाटतं.

दवाखाना:
रोखठोक, मावशींचं वाचून वाईट वाटलं. मी जनरल प्रॅक्टिस करतो, हा प्रश्न मला आठवड्याला कुणीतरी विचारतंच आणि विचारणाऱ्याचं दुःख खरं असतं, म्हणून तुमच्याच उदाहरणावर बोलतो.

ओव्हरीच्या कॅन्सरवर ब्रिटनमध्ये प्रचंड मोठी ट्रायल झाली, २००१ ते २००५ मध्ये दोन लाखांहून जास्त बायका घेतल्या, एका गटाला दरवर्षी रक्ताची टेस्ट आणि गरज पडली तर सोनोग्राफी, एका गटाला नुसती सोनोग्राफी, एका गटाला काहीच नाही. शेवटचा निकाल २०२१ मध्ये आला. रक्ताच्या टेस्टवाल्या गटात पहिल्या स्टेजचे कॅन्सर ४७ टक्के जास्त सापडले आणि चौथ्या स्टेजचे जवळपास २५ टक्के कमी झाले, म्हणजे तुम्ही म्हणताय तसंच लवकर निदान झालं. पण कॅन्सरने जाणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी झालं नाही. ज्यांनी वीस वर्षं यात घातली त्यांनाही हा निकाल जड गेला असणार. तेव्हा आधी टेस्ट केली असती तर, हे ओझं तुम्ही घरच्यांनी बाळगू नका, त्या टेस्टने जीव वाचतो असं दाखवता आलेलं नाही. अर्थात घरात अनेकींना झाला असेल किंवा जीनमध्ये दोष सापडला असेल तर गोष्ट वेगळी, त्यांनी तज्ज्ञांना जरूर भेटावं, मी सांगतोय ते सर्वसाधारण रिस्क असणाऱ्यांसाठी आहे.

असं का होतं? एक कारण घड्याळाचं. समजा एखाद्याचा मृत्यू सत्तराव्या वर्षी ठरलेला आहे, लक्षणांवरून आजार सदुसष्टला कळला तर आपण म्हणतो तीन वर्षं जगला, टेस्टने त्रेसष्टला कळला तर म्हणतो सात वर्षं जगला. जगला तेवढाच, फक्त आजारी म्हणून चार वर्षं जास्त जगला. निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांची टक्केवारी मात्र यातून झकास दिसते, म्हणून स्क्रीनिंगच्या जाहिरातीत पाच वर्षांचा आकडा दिसला की मी सावध होतो. याला लीड टाइम बायस म्हणतात.

दुसरं ओव्हरडायग्नोसिस, म्हणजे जो गोळा आयुष्यभर काही करणार नव्हता तो सापडणं. दक्षिण कोरियात चेकअपबरोबर थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली, १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण पंधरा पट झालं, आणि मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच. त्यातल्या बहुतेकांच्या थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली, अनेकांना आयुष्यभराची गोळी लागली, काहींच्या आवाजाच्या नसेला इजा झाली. ही माणसं टेस्टच्या आदल्या दिवशी ठणठणीत होती.

आणि उलट बाजूही सांगतो नाहीतर वाटेल मी स्क्रीनिंगच्या विरोधात आहे. सर्व्हिक्सच्या (गर्भाशयाच्या मुखाच्या) कॅन्सरचं स्क्रीनिंग, आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग यांना ए ग्रेड आहे आणि मी पेशंटच्या मागे लागून ते करवून घेतो. खूप सिगरेट ओढलेल्या लोकांमध्ये लो डोस (कमी रेडिएशनच्या) सीटी स्कॅनने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी झाले हे २०११ च्या अमेरिकन ट्रायलने दाखवलं, पन्नास हजारांवर माणसं होती त्यात. ट्रायल करून बघितल्याशिवाय कुठली टेस्ट ओव्हरीसारखी निघेल आणि कुठली आतड्यासारखी हे घरी बसून सांगता येत नाही, मलाही नाही.

रोखठोक:
डॉक्टर, हे माहीतच नव्हतं. आईला वाचून दाखवतो.

शंकासूर:
निरंजनाताई, डॉक्टर, दोघांचे मनापासून आभार. बाबांनी सगळं ऐकलं आणि लगेच विचारलं की एवढी चाळणी लावून ठरवतात तर मग ॲस्पिरिन बदललीच कशी? आधी चुकलं होतं का?

निरंजना:
बाबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे. २०१६ ची शिफारस अशी होती की पन्नाशीतली माणसं, ज्यांना पुढच्या दहा वर्षांत हार्टचा आजार व्हायचा धोका १० टक्के किंवा वर आहे आणि रक्तस्रावाचा धोका वाढलेला नाही, त्यांना बी, आणि साठ ते एकोणसत्तरला सी, म्हणजे तेव्हाही बाबांच्या वयाला सरसकट द्या असं नव्हतंच. त्यामागच्या बऱ्याच ट्रायल जुन्या होत्या, जेव्हा सिगरेट जास्त ओढली जायची, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) एवढे नव्हते, बीपी इतकं कंट्रोलमध्ये नसायचं. मग २०१८ मध्ये तीन मोठ्या ट्रायलचे निकाल एकापाठोपाठ आले. त्यातली एक डायबिटीस असलेल्या १५,४८० जणांची होती, तिचे आकडे बाबांना वाचून दाखवा: सरासरी सात वर्षांहून जास्त काळात ॲस्पिरिन गटात ८.५ टक्के लोकांना अटॅक किंवा स्ट्रोकसारखं काहीतरी झालं आणि बिनॲस्पिरिन गटात ९.६ टक्के, म्हणजे हजारी अकरा जण वाचले. गंभीर रक्तस्राव ४.१ टक्के विरुद्ध ३.२ टक्के, म्हणजे हजारी नऊ जणांना जास्त झाला. अकरा तिकडे, नऊ इकडे. दुसरी ट्रायल मुख्यतः सत्तरीपुढच्या १९ हजार जणांची, त्यात हार्टसाठी ठळक फायदा दिसलाच नाही आणि रक्तस्राव वाढला. बाकीच्या उपचारांनी मुळातला धोका कमी झाला की ॲस्पिरिनच्या वाट्याला वाचवायला थोडेच उरतात, पण पोटातून किंवा मेंदूत रक्तस्राव व्हायची शक्यता वयाबरोबर वाढतच जाते. म्हणून २०२२ मध्ये चाळीस ते एकोणसाठला धोका १० टक्के किंवा वर असेल तर सी, आणि साठीच्या पुढे नव्याने सुरू करायची असेल तर डी. २०१६ ला समोर जे होतं त्यावर तेव्हाचा निर्णय नीट होता, नंतर समोरचा पुरावाच बदलला.

पण हे लाल अक्षरात लिहिलंय असं समजा: ज्यांना आधी अटॅक, स्ट्रोक झालाय किंवा स्टेंट आहे त्यांना यातलं काहीही लागू नाही, त्यांची ॲस्पिरिन वेगळ्या कारणासाठी असते. आणि बाबांच्या मित्रांपैकी जे घेतायत त्यांनी हा धागा वाचून परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं.

पीएसएचं पण असंच, २०१२ ला सगळ्यांना डी होता, २०१८ ला पंचावन्न ते एकोणसत्तरला सी झाला आणि सत्तरीपुढे डी राहिला. युरोपातल्या ट्रायलचा जास्त वर्षांचा डेटा आला, हजार जणांचं स्क्रीनिंग केलं तर तेरा वर्षांत साधारण एक मृत्यू टळतो असं दिसलं, आणि कॅन्सर सापडला तरी लगेच न कापता लक्ष ठेवायची पद्धत रुळली त्यामुळे नुकसान कमी झालं. ऑपरेशन केलेल्यांपैकी दर पाचातल्या एकाला लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास दीर्घकाळ राहतो, लैंगिक अडचण तर तिघांतल्या दोघांना. आता सांगा, एक मृत्यू टळणं आणि हे, यात वजन कशाला द्यायचं हे कमिटीने एकट्याने ठरवायचं का? म्हणून सी. तुमचे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत त्याचं मूळ इथे आहे.

मधुमालती:
एक शंका, कमिटीत फॅमिली डॉक्टर, नर्स वगैरे आहेत म्हणालात, मग प्रोस्टेटचा निर्णय घेताना युरॉलॉजिस्ट का नाही? ज्याला त्यातलं कळतं त्यालाच बाहेर ठेवायचं हे मला पटत नाही. आणि दुसरं, सगळे तेच पेपर वाचतात तर देशादेशात फरक का? ब्रिटनमध्ये मॅमोग्राफी (ब्रेस्ट कॅन्सरसाठीचा एक्सरे) पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी आणि अमेरिकेत चाळिशीपासून दर दोन वर्षांनी, बाई तर तीच ना.

निरंजना:
मधुमालतीताई, पहिल्यावर खूप वाद झालेत आणि मी तुमचं म्हणणं उडवून लावणार नाही. तज्ज्ञांचं मत घेतात, ते मसुदा तपासतात, पण मत टाकत नाहीत. कारण असं की ज्याच्याकडे रोज त्याच आजाराचे पेशंट येतात त्याला न सापडलेल्या केसेस डोळ्यापुढे दिसतात, उगाच टेस्ट झालेली हजारो बरी माणसं त्याच्या ओपीडीत येतच नाहीत. शिवाय उत्पन्नही त्याच टेस्टशी जोडलेलं. मला स्वतःला ही रचना योग्य वाटते, पण तज्ज्ञ लोक टेस्टच्या तंत्रातले बदल लवकर ओळखतात आणि ते ऐकलं गेलं नाही तर शिफारस मागे पडते, हेही खरं आहे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. अमेरिकेतच २००९ मध्ये चाळिशीतल्या बायकांना सी दिला तेव्हा गदारोळ झाला होता, २०१६ ला तेच ठेवलं, आणि २०२४ ला चाळीस ते चौऱ्याहत्तर सगळ्यांना दर दोन वर्षांनी, बी. मधल्या काळात चाळिशीतल्या केसेस वाढलेल्या दिसल्या, कृष्णवर्णीय बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू गोऱ्या बायकांपेक्षा ४० टक्के जास्त आहेत हा मुद्दा ऐरणीवर आला, आणि निर्णयात कॉम्प्युटर मॉडेलिंगवर बरीच भिस्त होती, त्यावर टीकाही झाली. ब्रिटनची कमिटी खर्चाचाही हिशोब करते. पेपर तेच असले तरी किती फायद्यासाठी किती त्रास सोसायचा याचं उत्तर पेपरात नसतं, ते माणसं ठरवतात, आणि त्यांनी ते का ठरवलं हे लिहून ठेवायला हवं हीच माझी अपेक्षा असते.

बाय द वे, २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की या टास्क फोर्सचे सदस्य आरोग्यमंत्री नेमू आणि काढू शकतात. सदस्य कोण, कधी बदलले, हे त्यामुळे आता जास्त बारकाईने बघावं लागेल. मला याची काळजी वाटते.

दवाखाना:
निरंजनाताईंशी सहमत. आय ग्रेडबद्दल एक भर घालतो, दवाखान्यात सगळ्यात त्रास तोच देतो. काही तक्रार नसलेल्या प्रौढांची व्हिटॅमिन डी तपासावी का, तर २०२१ पासून आय आहे. पेशंट समोर बसून विचारतो करू का, आणि खरं उत्तर आहे की माहीत नाही. ते तसंच सांगायचं, मग त्याची तब्येत, काळजी, परवडतं का हे बघून दोघांनी ठरवायचं. बरेच जण नाराज होतात.

शंकासूर, बाबा पुढच्या वेळी चेकअपला गेले की त्यांना एवढं विचारायला सांगा: माझ्यासारख्या हजार जणांनी ही टेस्ट केली तर किती जण वाचतील, किती जणांना उगाच पुढच्या तपासण्या लागतील, आणि पॉझिटिव्ह आली तर पुढे काय करणार. टक्के सांगितले तर कशाचे टक्के ते विचारा, कारण हजारात दोनाचं एक झालं तरी ५० टक्के कमी असंच छापतात.

शंकासूर:
बाबांनी हे तिन्ही प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतलेत. ॲस्पिरिनचा विषय आता बंद, पण पीएसए करायची की नाही यावर ते आणि आई अजून भांडतायत, आई म्हणते करा, बाबा म्हणतात सापडलं तर मला ऑपरेशन नको म्हणून नकोच. पुढच्या व्हिजिटला दोघांना सोबत घेऊन जातो.